व्हानुआतूला जाताना: मदत लांब असलेल्या बेटांवरच्या प्रवासाची तयारी

दक्षिण प्रशांत महासागरातला व्हानुआतू हा ८० हून अधिक बेटांचा देश. वस्ती सगळी मिळून साधारण ३ लाख, आणि तीही शेकडो किलोमीटर समुद्रात विखुरलेली. लोक प्रेमळ आहेत, पर्यटकांविरुद्ध गंभीर गुन्हे क्वचित घडतात. इथे प्रवासी अडचणीत येतो तो अंतरामुळे. प्रवाळाने पाय कापला तर डॉक्टर दुसऱ्या बेटावर, विमान रद्द झालं तर पुढचं दोन-तीन दिवसांनी, एटीएम बंद पडलं तर दुसरं समुद्रापलीकडे. म्हणून तयारी करताना प्रत्येक बाबतीत एकच प्रश्न विचारा: हे बिघडलं आणि तीन दिवस कोणी मदतीला आलं नाही, तर आपलं भागेल का?

कधी जायचं

चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. पॅम हे वादळ मार्च २०१५ मध्ये आलं, हॅरॉल्ड एप्रिल २०२० मध्ये, तर मार्च २०२३ मध्ये ज्युडी आणि केव्हिन ही दोन वादळं एकाच आठवड्यात आली. त्याच वर्षी लोला ऑक्टोबरमध्येच, म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधी येऊन गेलं. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखद असते, डासही कमी असतात. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीशी हे छान जुळतं. दिवाळीची सुट्टी हंगामाच्या तोंडावर येते, तेव्हा गेलात तर दूरची बेटं टाळून एफाटे बेटावर, राजधानी पोर्ट व्हिलाच्या आसपासच राहा. नाताळच्या सुट्टीत लहान मुलं आणि वयस्कर माणसांना घेऊन तिथे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाट, व्हिसा आणि हातात ठेवायचे दिवस

व्हानुआतूत पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत मात्र लागते. नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर एकदा बघाच.

खरी अडचण वाटेत असते. ऑस्ट्रेलियात विमान बदलणार असाल तर विमानतळाबाहेर पडायचं नसलं तरी भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याचा क्रमांक ७७१, शुल्क नाही, आणि तो ७२ तासांपर्यंतच्या थांब्यासाठी असतो. तो हातात नसेल तर मुंबईतच चेक-इनला अडवतात. ऑकलंडमार्गे जायचं तर न्यूझीलंडचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा काढावा लागतो. सिंगापूर किंवा हाँगकाँगहून फिजीतल्या नाडीला आणि तिथून पोर्ट व्हिलाला जाणं भारतीयांना कागदपत्रांच्या दृष्टीने सोपं पडतं, कारण फिजीत आपल्याला आधी व्हिसा लागत नाही. सिडनीत रात्री थांबा असेल तर ध्यानात ठेवा, त्या विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ उड्डाणं बंद असतात.

शक्यतो सगळी उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली की पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय विमान कंपनी एअर व्हानुआतू अवसायनात गेली आणि प्रवासी जिथल्या तिथे अडकले. तेव्हा क्रेडिट कार्डाने तिकीट काढा, म्हणजे बँकेकडे पैसे परत मागता येतात.

देशांतर्गत विमानं छोटी असतात. काही मार्गांवर सामानाबरोबर प्रवाशाचंही वजन करतात, आणि पाऊस किंवा बिघाड झाला की वेळापत्रक कोसळतं. बाहेरच्या बेटावरून पोर्ट व्हिलाला परतणं आणि आंतरराष्ट्रीय उड्डाण यांत किमान दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवा. ते दिवस वाया गेले असं वाटेल, पण तिथे लोकांची विमानं सर्वांत जास्त चुकतात ती नेमकी याच ठिकाणी. रोजची औषधं आणि दोन दिवसांचे कपडे कायम हातातल्या पिशवीत असू द्या.

विमा

पोर्ट व्हिलात व्हिला सेंट्रल हॉस्पिटल आहे, सान्तो बेटावरच्या लुगनव्हिल शहरात नॉर्दर्न प्रोव्हिन्शियल हॉस्पिटल. गंभीर दुखापत किंवा हृदयविकार असेल तर रुग्णाला विमानाने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा न्यू कॅलेडोनियाला हलवावं लागतं, आणि त्याचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपणारा नसतो. म्हणून पॉलिसी घेताना हप्ता किती यापेक्षा तीन गोष्टी वाचा. आपत्कालीन वैद्यकीय स्थलांतराची मर्यादा किती? आमच्या मते अडीच लाख अमेरिकन डॉलरपेक्षा कमी घेऊ नका. स्कूबा डायव्हिंग, ज्वालामुखीवरची चढाई, लहान बोटीचा प्रवास वगळलेले आहेत का? बऱ्याच स्वस्त पॉलिसींत वगळलेले असतात. आणि वादळाचं नाव जाहीर झाल्यानंतर काढलेला विमा त्या वादळासाठी चालतो का? बहुधा चालत नाही, म्हणून तिकीट काढताच विमाही काढा.

भारताचा दूतावास व्हानुआतूत नाही. तिथलं काम न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या उच्चायुक्तालयाकडे आहे. त्यांचा आपत्कालीन क्रमांक आणि विमा कंपनीचा चोवीस तासांचा क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टपाशी ठेवा, एक प्रत घरच्यांकडे द्या.

मलेरिया आणि औषधांची पेटी

निघण्याच्या सहा आठवडे आधी प्रवास-आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटा. हिपॅटायटिस ए आणि बी, टायफॉइड, धनुर्वात, गोवर या लसींचा हिशोब तेव्हाच होतो.

मलेरिया मुख्यतः उत्तरेकडच्या बेटांवर, म्हणजे सान्तो, मालेकुला या भागात असतो. "आपल्याकडेही मलेरिया असतोच की," असं म्हणून भारतीय प्रवासी तो हलक्यात घेतात, आणि तिथेच फसतात. तिथला मलेरिया पसरवणारा ॲनोफेलिस फाराउती हा डास समुद्राकाठच्या निमखाऱ्या डबक्यांत वाढतो आणि दिवेलागणीपासूनच, घराबाहेर चावू लागतो. म्हणजे रात्री मच्छरदाणीत शिरेपर्यंत उशीर झालेला असतो. सूर्य मावळायच्या आधी लांब बाह्या आणि पूर्ण पायघोळ कपडे घाला. २० ते ३० टक्के डीट हे रसायन असलेलं डासरोधक घोट्यांवर, मानेवर आणि कानांमागे लावा. सनस्क्रीन आधी, डासरोधक त्यावर. दिवसा चावणाऱ्या डासांमुळे डेंग्यू होतो, त्यामुळे दिवसाही निष्काळजी राहू नका.

प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरच ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली तर ती जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यायची असते. परतल्यावर लोक ती मध्येच सोडतात, आणि मग ताप येतो. या गोळीने त्वचा उन्हात लवकर भाजते, आणि रिकाम्या पोटी किंवा झोपताना घेतली तर अन्ननलिकेला इजा होते. ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या. गर्भवती आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते, पण महाग असते. डॉक्टरांकडे गेलाच आहात तर जी६पीडी ही रक्ततपासणी करून घ्या. व्हायव्हॅक्स या प्रकारच्या मलेरियाचे जंतू यकृतात दडून राहतात, ते मारणारी प्रिमाक्विन ही गोळी जी६पीडीची कमतरता असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी फोडू शकते. अहवाल खिशात असला की उपचारात वेळ जात नाही.

पेटीत इतकं असू द्या:

- रोजची औषधं: मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दहा दिवस जास्त, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.
- ओआरएसची पाकिटं माणशी ६. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. दुकानातलं गोड पेय त्याची जागा घेत नाही, जास्त साखरेने जुलाब वाढतात. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.
- पोव्हिडोन आयोडीन, निर्जंतुक गॉझची १० पाकिटं, चिकटपट्टी, चिमटा, २० मिलीची सुईविना सिरिंज.
- पॅरासिटामॉल. ताप डेंग्यूचा असू शकतो, म्हणून आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका.
- डॉक्टरांनी लिहून दिलेला अँटिबायोटिकचा एक कोर्स, कधी सुरू करायचा त्या सूचनेसह.
- थर्मामीटर, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या.

ती सिरिंज प्रवाळाच्या जखमेसाठी. प्रवाळाने नुसतं खरचटलं तरी त्याचे बारीक कण आत राहतात, आणि उष्ण दमट हवेत दोन दिवसांत जखम पिकते. लगेच साबण आणि पिण्याच्या पाण्याने धुवा, सिरिंजने जोरात पाणी मारून कण काढा, आयोडीन लावा, आणि जखम कोरडी होईपर्यंत समुद्रात उतरू नका. लाली वर सरकू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्याकडे निघा.

पैसे, फोन, वीज

चलन व्हातू. एका अमेरिकन डॉलरला साधारण १२० व्हातू पडतात. रुपये तिथे कोणी बदलून देत नाही. भारतातून ऑस्ट्रेलियन डॉलरच्या नोटा आणि त्याच चलनाचं फॉरेक्स कार्ड घेऊन जा. रोख परकीय चलनाची मर्यादा एका प्रवासाला ३,००० अमेरिकन डॉलरइतकी आहे. एटीएम पोर्ट व्हिला आणि लुगनव्हिलमध्ये मिळतील, बाहेरच्या बेटांवर ते गृहीत धरू नका. विमानात बसण्याआधी त्या बेटावरचा पूर्ण खर्च आणि वर तीन दिवसांचा, २००, ५०० आणि १,००० च्या नोटांत जवळ ठेवा. गावात ५,००० ची नोट मोडून मिळत नाही.

सिमकार्ड व्होडाफोन किंवा डिजिसेलचं. दोन्हींचं जाळं सगळीकडे सारखं नसतं, म्हणून ज्या गावात राहणार तिथल्या माणसालाच विचारून घ्या. उतरल्यावर पोलीस १११ आणि रुग्णवाहिका ११२ हे क्रमांक साठवा, पण बाहेरच्या बेटावर गावच्या आरोग्यसेविकेचा आणि गाडीवाल्याचा नंबर त्याहून कामाचा.

एक इशारा आवर्जून. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी उपकरणं भारतातून नेऊ नका. परवान्याशिवाय ती बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि अशी उपकरणं घेऊन आलेल्या प्रवाशांना गोव्याच्या विमानतळावर अटक झालेली आहे. अगदीच हवं असेल तर बाहेर भाड्याने घ्या आणि बाहेरच परत करा.

प्लग ऑस्ट्रेलियन पद्धतीचा, तिरप्या चपट्या पिनांचा. गावांत बहुतेक सौर पॅनेलवर भागवतात, म्हणून पॉवरबँक आणि डोक्याला लावायची बॅटरी न्या. पॉवरबँक १०० वॉट-तासांच्या आत आणि हातातल्या सामानातच.

डबा आणि तिथलं जेवण

चिवडा, लाडू, लोणचं, भाजणी भरून न्यायची आपली सवय इथे अडचणीची ठरते. ऑस्ट्रेलिया, फिजी आणि व्हानुआतू तिन्हीकडे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. तूप, दुधाचे पदार्थ, मध, ताजी फळं, बिया, अख्खी कडधान्यं अडकतात. जे काही खायचं नेत असाल ते फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूसाठी दंड होतो. कारखान्यात सीलबंद झालेला, दूध-बिया नसलेला शिजवून तयार पदार्थ त्यातल्या त्यात बरा.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. टारो, सुरण, केळी, पपई, बेटांवरची पालेभाजी आणि नारळ मुबलक आहे. लापलाप हा केळीच्या पानात गुंडाळून गरम दगडांवर भाजलेला पदार्थ बहुतेक वेळा कोंबडी किंवा डुकराच्या मांसाबरोबर करतात, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा. कडधान्य जवळजवळ नाहीच, प्रथिनांची सोय आधी करा. रविवारी बाजार आणि बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारपर्यंत खरेदी उरका.

मासे खाणाऱ्यांना एक गोष्ट माहीत हवीच: सिग्वाटेरा. प्रवाळावरच्या सूक्ष्म शेवाळातलं हे विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातं, आणि ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही. चवीवरून, वासावरूनही कळत नाही. बॅराकुडा, मोरे ईल, मोठे ग्रुपर आणि स्नॅपर टाळा. कुठल्या खडकावरचा मासा गावकरी स्वतः खात नाहीत ते विचारा. उलट्या-जुलाबांनंतर तोंडाभोवती मुंग्या आल्या आणि थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागली तर हेच असण्याची शक्यता मोठी.

पिण्याचं पाणी बाहेरच्या बेटांवर छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं असतं. खळखळ उकळी एक मिनिट येऊ द्या. तान्ना बेटावर ज्वालामुखीच्या राखेचा पाऊस टाकीत पडतो, आणि राखेतून उतरलेले क्षार उकळून जात नाहीत. तिथे बाटलीबंद पाणी घ्या.

कावा हे मुळांचं पेय व्हानुआतूत बरंच कडक मिळतं. पहिल्यांदा एकच करवंटी घ्या, सोबत दारू नको, झोपेच्या किंवा यकृतावर ताण देणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अजिबात नको, आणि नंतर गाडी चालवू नका.

बोट आणि समुद्र

गावागावांमधली वाहतूक फायबरच्या उघड्या छोट्या बोटींतून होते. लाइफ जॅकेट मिळेलच असं नाही, म्हणून फोमचं जॅकेट बरोबर न्या. हवेने फुगणाऱ्या जॅकेटमधल्या गॅसच्या नळीला विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. चढण्याआधी बघा: जाण्या-येण्याला लागेल त्याच्या दीडपट इंधन, वल्ही, पाणी उपसायचं भांडं, नांगर आणि चालू फोन. आग्नेयेचे व्यापारी वारे दुपारकडे जोर धरतात, म्हणून सकाळी लवकर निघा. माणसं जास्त भरली असतील तर ती बोट सोडून द्या. लोक रागावणार नाहीत.

किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. प्रवाळाच्या कड्यात जिथे खिंड असते तिथून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर जातं, आणि वरून तीच जागा सर्वांत शांत दिसते. पोहण्याआधी गावात विचारा. मालेकुलाच्या पोर्ट सँडविचसारख्या काही खाड्या शार्कसाठी कुप्रसिद्ध आहेत. पाण्यात जाड तळाचे बूट घाला. स्टोनफिश या विषारी माशाचा काटा लागला तर पाय सहन होईल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा, आधी दुसऱ्या पायाने पाणी तपासून.

सान्तोजवळ १९४२ मध्ये बुडालेल्या प्रेसिडेंट कूलिज या जहाजावर डायव्हिंगसाठी जगभरचे लोक येतात. जहाजाची टोकं २० मीटरपासून सुमारे ७० मीटरपर्यंत आहेत, आणि खोलीचा मोह तिथेच होतो. आपल्या प्रमाणपत्राच्या मर्यादेत राहा. शेवटच्या डायव्हनंतर २४ तास विमानात बसू नका, लहान देशांतर्गत विमानातही नाही.

ज्वालामुखी, भूकंप, वादळ

तान्नावरचा यासूर सतत धुमसत असतो आणि त्याच्या काठापर्यंत जाता येतं. व्हानुआतूचा हवामान आणि भूसंकट विभाग ० ते ५ अशी इशारापातळी जाहीर करतो. ती त्याच दिवशी सकाळी बघा, आणि ३ किंवा वर असेल तर जाऊ नका. काठावर वारा जिकडून येतो त्या बाजूला, म्हणजे धूर आपल्यापासून दूर जाईल अशा ठिकाणी उभे राहा. तापलेले दगड उडाले तर पाठ फिरवून पळू नका. वर बघून दगड कुठे येतोय ते ठरवा आणि मग बाजूला व्हा. हेल्मेट, बंद बूट, लांब पँट हवीच. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावा. एन-९५ मास्क राख अडवतो, गंधकाचा वायू नाही, म्हणून दमेकऱ्यांनी काठावर जाऊ नये.

१७ डिसेंबर २०२४ ला ७.३ तीव्रतेच्या भूकंपाने पोर्ट व्हिलाच्या मध्यवस्तीतल्या इमारती पडल्या, फोन बंद पडले आणि विमानतळावरची प्रवासी वाहतूक थांबली. देश भूपट्टांच्या सीमेवर आहे, असे धक्के पुन्हा बसणारच. हॉटेलपेक्षा एकमजली बंगला बरा. खोलीत शिरताच बाहेर पडायची वाट आणि जवळची टेकडी बघून ठेवा. समुद्राजवळ असताना धक्का जोराचा किंवा मिनिटभर लांबलेला असेल, अथवा पाणी मागे हटताना दिसलं, तर भोंग्याची वाट न पाहता उंचावर जा आणि काही तास तिथेच राहा. १९९९ मध्ये पेंटेकॉस्ट बेटावरच्या बे मार्तेली गावाचे बहुतेक लोक रात्रीच्या त्सुनामीतून वाचले ते समुद्र मागे सरकताना पाहून टेकडीवर धावल्यामुळे.

वादळाचा इशारा तीन रंगांत येतो: निळ्यात तयारी, पिवळ्यात आसऱ्याला, लालमध्ये घराबाहेर पाऊल नाही. हवामान विभागाच्या वादळ-नकाशावर चौकटींना अक्षर आणि आकडा असतो आणि रेडिओवर केंद्र कुठल्या चौकटीत आहे ते सांगतात. तो नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून छापूनही घ्या. वारा एकदम थांबला तर ते वादळाचं केंद्र असू शकतं. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो, आणि केंद्राच्या शांततेत बाहेर पडलेले लोक त्यात सापडतात.

जमिनीचा मालक विचारा

देशाच्या घटनेनुसार सगळी जमीन तिथल्या मूळ परंपरागत मालकांची आहे. रिकामा दिसणारा किनारा, धबधबा, झाडाखालचा दगडही कोणाचा तरी असतो आणि काही जागा वर्ज्य असतात. आधी विचारा, ठरलेली रक्कम द्या, फोटोचीही परवानगी घ्या. गावात मांड्या आणि खांदे झाकलेले असावेत. तान्नावर काही नाकामालांत, म्हणजे कावा पिण्याच्या जागांत, बायकांनी जायचं नसतं. यजमानाला तुमचा दिवसाचा बेत सांगून निघा: कुठे, कोणाबरोबर, कधी परत. उशीर झाला तर शोधायला निघणारी पहिली माणसं तीच असतात.

वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. रस्ता ओलांडताना आपण सवयीने उजवीकडे बघतो आणि गाडी डावीकडून येते. पहिले दोन दिवस स्वतः गाडी चालवू नका.

परतल्यावर

लाकडी मुखवटे, शिंपले, बिया आणणार असाल तर वाटेतल्या देशातही ते जाहीर करावे लागतात. प्रवाळ आणि मोठे शंख आणूच नका, ती आंतरराष्ट्रीय नियमांनी संरक्षित असू शकतात. मलेरियाच्या गोळ्या कोर्स संपेपर्यंत चालू ठेवा. पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा, आणि डॉक्टरांना व्हानुआतूचा प्रवास स्वतःहून सांगा. पहिली तपासणी नकारात्मक आली आणि ताप कायम राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त द्या.